सुई आणि बापूंची कुऱ्हाड

आमच्या घरी पाहुणा आला की बापू त्याला आधी पाणी देत, मग चहा, आणि मग बैल. हे बैल म्हणजे गोठ्यातले नव्हेत. गोठ्यात एकच जोडी होती आणि तिच्यातला डावा बैल अत्यंत रुसका होता. हे बैल होते बापूंच्या पणजोबांच्या पणजोबांचे. पाठीवर मिठाच्या आणि धान्याच्या गोण्या, गळ्यात घंटा, शिंगांना कवड्या, आणि त्यांची संख्या त्या दिवशीच्या स्वयंपाकावर अवलंबून. जेवण झकास झालेलं असलं की बैलांचा तांडा पार क्षितिजापर्यंत पसरायचा. भाजीत मीठ कमी पडलं की वीस-पंचवीस जनावरांवर भागायचं. हे बैल समुद्रापासून दख्खनपर्यंत जायचे. हातात नकाशा नाही, वाटेत पाटी नाही, कुणाला विचारणं तर नाहीच. ‘‘रस्ता आपल्या रक्तात हाये,’’ असं म्हणून बापू स्वतःच्या मांडीवर थाप मारत. त्या थापेसरशी चुलीपुढून याडीचा, म्हणजे माझ्या आईचा, आवाज येई, ‘‘रक्तात हाये, मंग परवा दिग्रसच्या बाजारात छत्रीवाल्याचं दुकान सापडता सापडता सांज काहून झाली?’’ बापूंना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, हे आम्हाला अशाच वेळी कळायचं.

घरात आम्ही गोरबोलीच, म्हणजे आम्हा बंजाऱ्यांची बोली, बोलायचो. ती सगळ्यांना कळणार नाही, म्हणून इथे मी सर्वांच्या तोंडी वऱ्हाडी घातली आहे. याडीला हे कळलं तर ती मला फाडून खाईल. आमचा तांडा दिग्रसपासून थोडा आत. हिवाळ्यात वारा तिकडून आला की कापसाच्या जिनिंग गिरणीची घरघर ऐकू यायची, आणि उलटा आला की फक्त शेळ्या. घरामागे कापूस, कापसाच्या ओळींमधून तूर. तुरीच्या ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडायला ठेवल्या की तो वास अंगणभर फिरायचा आणि बरोबर त्याच वेळी तांड्यातल्या कुणाला तरी बापूंशी महत्त्वाचं बोलायचं असायचं. याडी ज्वारीची भाकर थापायची. आम्ही तिला बाटी म्हणतो. थापण्याचा आवाज असा की शेजारच्या घरी कळावं, आज ही रागात आहे की खुशीत. मी थोरली. बी.ए. झालेली, लांब टांगांची, आणि कुणी बघत असलं तर जरा जास्तच ऐटीत चालणारी. ही खोड अजून आहे. गुडघ्यांनी मात्र साथ सोडली आहे, त्यामुळे ऐट वरच्या अर्ध्या भागापुरतीच उरली.

तर मी वनरक्षकाची परीक्षा दिली. जंगलाची ओढ वगैरे काही नव्हती. अर्ज भरायला मैत्रीण एकटी जायला तयार नव्हती, एवढंच. मैत्रीण पळण्याच्या चाचणीत दमून बसली आणि मी निवडले गेले. हुकूम आला तेव्हा बापूंनी तो कागद तांडाभर फिरवला. त्यांच्या मते ही नोकरी लागली नव्हती, गेलेलं राज्य परत मिळालं होतं. ‘‘सरकारले शेवटी समजलं, रान कोणाच्या हाती द्याव,’’ असं ते प्रत्येक ओट्यावर बसून सांगत होते. याडीच्या डोक्यात मात्र वेगळंच शिजत होतं. दिग्रसला मोबाईलचं दुकान असलेला एक मुलगा तिने बघून ठेवला होता. गोरा, केसांना तेल, बोलायला गोड, आणि त्याची आई उत्तर मागत होती. मग एका संध्याकाळी घरात तह झाला. प्रशिक्षणाच्या शेवटी जंगलात परीक्षा असते. तीत पास झाले तर वर्दी, आणि लग्नाचा विषय मी काढेन तेव्हा. नापास झाले तर येत्या सीझनला हळद. हा करार माझ्या गैरहजेरीत झाला असं म्हणता येणार नाही, कारण मी तिथेच शेंगा सोलत बसले होते. पण मला कुणी काही विचारल्याचं आठवत नाही.

प्रशिक्षणाचा शेवटचा टप्पा झरी जामणीच्या पलीकडे, जंगलातल्या एका जुन्या विश्रामगृहाजवळ होता. आम्ही मुली टिनाच्या शेडमध्ये. सकाळी उठलं की आधी कानात पाचोळा यायचा. सागाचं वाळलेलं पान हे पान नसतं, पापड असतो. आणि जंगल म्हणजे पापडांनी भरलेलं अंगण. त्यावरून कुणीही चोरासारखं चालू शकत नाही, हे चोरांनीच आम्हाला पुढे नोकरीत शिकवलं. जेवायला रोज वांग्याची भाजी. स्वयंपाकी तिची नावं मात्र रोज वेगळी सांगायचा.

माझ्या जोडीला सुनंदा टेकाम आली. तिचं गाव तिथून दोन टेकड्यांपलीकडे. ती घरी कोलामी बोलायची, आमच्याशी वऱ्हाडी, आणि झोपेत दोन्ही. तोंड सदान्‌कदा चालू. ‘‘हे सगळं जंगल मले अंगनासारखं हाये,’’ असं तिने पहिल्याच दिवशी जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या विहिरीवरून परत येताना ती रस्ता चुकून गुरांच्या कोंडवाड्यात निघाली. मला तेव्हाच कळलं की आमचं जमणार.

शिकवायला वानखडे सर. निवृत्तीला आलेले, बारीक, कोरड्या घशाचे, आणि कुठल्याही गोष्टीने खूश न होण्याचं व्रत घेतलेले. त्यांनी पहिल्यांदा शिकवलं ते चालणं. रस्त्यावर मोजायची फीत टाकून आम्हाला तिच्या कडेने चालायला लावलं. उजवा पाय पडला की एक मोजायचं, डावा सोडून द्यायचा. म्हणजे आपली किती जोडपावलं किती अंतरात बसतात ते ज्याचं त्याला कळतं, आणि मग जंगलात फितीशिवाय नुसत्या पायांनी अंतर काढता येतं. सोपं वाटतं. पण सर बघत असले की माझी टांग लांब पडे, सरांनी पाठ फिरवली की आखूड. ‘‘पाऊल नेहमीचं टाका व बाई,’’ सर म्हणाले, ‘‘लग्नातलं नोको अन् बाजारातलं बी नोको. तुमच्या घरी नेहमीचं पाऊल हाये का नाई एखादं?’’

मग झाडाचा घेर. तो छातीच्या उंचीवर घ्यायचा असं पुस्तकात लिहिलेलं. सुनंदा माझ्या खांद्याला लागायची, त्यामुळे एकाच सागाचे आम्ही दोन घेर आणले आणि दोघीही आपापल्या छातीची शपथ घ्यायला तयार. सरांनी कपाळावर हात मारला नाही, कारण हात मारण्यातही एक प्रकारचा उत्साह असतो. त्यांनी प्रत्येकीला एकाच मापाची काठी तोडून दिली. ‘‘छाती ज्याची त्याची. काठी सरकारची. काठी लावा अन् तिथं फीत गुंडाळा.’’ मोहाचं जुनं झाड असलं की फीत गुंडाळायला दोघींनी दोन बाजूंनी मिठी मारावी लागे. मधे झाड, झाडावर लाल मुंग्या, आणि पलीकडून सुनंदाचा अखंड आवाज. उंची काढायला हातभर लांब धरलेली काठी, एक डोळा बंद. माझं पहिलं झाड इतकं उंच निघालं की सरांनी आकडा दोनदा वाचला आणि शांतपणे विचारलं, ‘‘याच्यावर चढलं त मुंबई दिसन का?’’

आणि मग होकायंत्र. ती छोटी डबी सरांनी पहिल्यांदा माझ्या तळहातावर ठेवली तेव्हा मला वाटलं, ही तर आमच्या घराण्याची वस्तू. तिच्यातली सुई थरथरली, वळली आणि थांबली. सर म्हणाले, डबी आडवी धरा, जवळ लोखंड नको, सुई ठरू द्या, मग ठरलेल्या दिशेला समोरचं एक झाड पकडा, त्या झाडापर्यंत जा, तिथून पुढचं झाड पकडा. ‘‘अन् सुईशी भांडू नका. तिले तुमच्याशी काही घेनं नाई.’’

भांडायचं कारण मला दुसऱ्याच दिवशी मिळालं. सरांनी आम्हा सगळ्यांचे डोळे ओढणीने बांधून मोकळ्या पटांगणात सरळ चालायला सांगितलं. सगळ्याच वाकड्या गेल्या. माणूस असाच वाकडा जातो, हेच त्यांना दाखवायचं होतं. पण मी ज्या आत्मविश्वासाने डावीकडे वळले आणि पूर्ण गोल मारून सरांच्याच अंगावर जाऊन आदळले, तो आत्मविश्वास इतर कुणात नव्हता. ‘‘बंजाऱ्याची ना तू?’’ सर म्हणाले. ‘‘मंग तुमचे बैल पोचत कसे व?’’

‘‘सर, बैलायले माहीत असन,’’ मी म्हणाले.

आयुष्यात मी बापूंच्या बाबतीत इतकं खरं पहिल्यांदाच बोलले होते.

मधे दोन दिवसांची सुटी मिळाली तेव्हा मी घरी गेले. नेमकी त्याच दिवशी मुलाची आई आलेली. तिने मला नाना प्रश्न विचारले. जंगलात एकटी जाते का, वर्दीत पँट असते का, वाघ दिसला का, आणि स्वयंपाक येतो का. मी अंगणाच्या टोकाला उभी राहून, हातभर काठी धरून, एक डोळा मिटून तिची उंची काढत होते. ‘‘पोरगी डोळा मारते का काय?’’ असं तिने याडीला हळूच विचारलं. याडीने मला आत बोलावलं आणि बाटी थापायला बसवलं. त्या दिवशीच्या बाट्यांचा आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही, कारण त्या याडी थापत नव्हती, मी थापत होते. मुलाची आई जाताना म्हणाली, परीक्षेचं काय होते ते कळवा, आम्ही थांबतो. तिच्या आवाजात अशी खात्री होती की मला वाटलं, माझा नापासाचा निकाल तिने आधीच लावून ठेवला आहे.

आता परीक्षा. प्रत्येक जोडीला एक दिशा आणि एक अंतर मिळणार. त्या दिशेने जाऊन वनहद्दीचा एक दगडी बुरूज शोधायचा. बुरूज म्हणजे किल्ल्याचा नव्हे. रचलेल्या दगडांचा कंबरेएवढा ढीग, जंगलाची हद्द दाखवणारा. तिथे सुतळीने चौकोन आखायचा, आतली झाडं मोजायची, आणि मग नवीन दिशा घेऊन ओढ्यावरच्या रपट्याशी, म्हणजे रस्त्यावरच्या त्या बुटक्या पुलाशी, बाहेर पडायचं. मी डबी धरली, सुनंदाने पावलं. ती मोजता मोजता बोलत होती आणि बोलता बोलता मोजत होती, त्यामुळे आकड्यांच्या मधेमधे तिच्या वहिनीची भांडणं येत होती. पण काय सांगू, बरोबर अंतर संपता संपता समोर झाडीत दगडांचा ढीग दिसला! थोडा डावीकडे होता खरा. पण ढीग तो ढीग. मी धावत गेले, खालचा एक दगड उचलला, ढिगावर ठेवला, हात जोडले, आणि म्हणाले, ‘‘चाल, सुतळी काढ.’’

आम्ही जे काम केलं ते मी आजही अभिमानाने सांगते. चौकोन नेमका काटकोनात. काठी लावून घेर, सावकाश उंची. साग, धावडा, टेंभुर्णी, एक भला थोरला मोह. मुंग्या चावल्या तरी फीत सैल सोडली नाही. सगळं संपल्यावर आम्ही ढिगाला टेकून बसलो आणि अर्ध्या तासाने पाचोळा वाजवत वानखडे सर आले. ते खऱ्या बुरुजापाशी आमची वाट बघून बघून कंटाळले होते.

त्यांनी आमचा चौकोन पाहिला. दोन झाडांना स्वतः फीत लावून पाहिली. मग ढिगाकडे पाहिलं. ‘‘हा दगड वर कोनं ठेवला?’’

‘‘मी, सर.’’

‘‘काहून?’’

आणि हा प्रश्न विचारेपर्यंत, खरं सांगते, माझ्या डोक्यात काहीही आलेलं नव्हतं. जंगलाच्या वाटेवर दगडांचा ढीग दिसला की येणाऱ्या-जाणाऱ्याने त्यावर एक दगड ठेवायचा, म्हणजे प्रवास सुखाचा होतो. याडीने मला चालायला शिकवलं तेव्हाच हेही शिकवलं असावं. कित्येक पिढ्यांतल्या वाटसरूंनी एकेक दगड ठेवून तो ढीग उभा केला होता. मी त्याला वाटेचा देव म्हणून नमस्कार केला आणि सरकारी हद्द म्हणून मोजला. दोन्ही एका दमात, आणि मधे मला काही खटकलं नाही.

‘‘बुरुजाले कोनी हात जोडते का?’’ सर म्हणाले.

‘‘सर, मी बी जोडले,’’ सुनंदा मदतीला धावली. ‘‘आमच्यातबी ठेवतेत दगड.’’

सरांनी खूप वेळ आकाशाकडे पाहिलं. ‘‘झाडं बरोबर मोजली,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘जंगल चुकलं.’’ मग त्यांनी हिशेब सांगितला. पहिल्या भागाचे मोजणीचे तेवढे गुण मिळतील, शोधण्याचे शून्य. आता दुसऱ्या भागावर सगळं. इथून सरळ उत्तर, म्हणजे सुईचं टोक दाखवेल तीच दिशा, घ्या आणि रपट्यावर निघा. मी मागून येतो. बोलणार नाही. रपटा सापडला तर पास, नाही तर दोघी घरी. सुनंदा घरी गेली असती तर वहिनीशी भांडली असती. मी गेले असते तर हळदीला बसले असते. मला त्या मोबाईलवाल्याचं तेल लावलेलं डोकं स्पष्ट दिसलं, आणि त्याच्यामागे, काठी न लावताही, त्याच्या आईची पूर्ण उंची.

आम्ही निघालो. या वेळी सुनंदाही गप्प होती. ते ऐकून माझी भीती आणखी वाढली. सुई मला एका भयंकर जागेतून नेत होती. डावीकडे छान मोकळी पायवाट, आणि सुई म्हणते घाणेरीच्या जाळीत घुस. माझं रक्त, जे काही होतं ते, डावीकडे ओढत होतं. पण पटांगणातला तो गोल आठवून मी जाळीत घुसले. ओढणी फाटली, हातावर ओरखडे. मागे सरांच्या पायांखाली पापड वाजत होते. आणि अचानक पुढेही वाजायला लागले.

अस्वल, सुनंदा पुटपुटली. मी डबी छातीशी धरली. झाडीतून एक पांढरा फेटा आला, फेट्याखाली माणूस, माणसाच्या एका खांद्यावर कुऱ्हाड आणि दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेला डबा. बापू!

झालं असं होतं, की निकाल ऐकायला म्हणून बापू आदल्या दिवशी दिग्रसहून निघाले, यवतमाळला मुक्काम केला आणि सकाळच्या एसटीने झरीला पोचले. शिबिरावर स्वयंपाक्याने सांगितलं, पोरी दुपारी रपट्यावर निघतील, तुम्ही रस्त्याने जाऊन तिथे बसा. रस्त्याने! बापूंच्या घराण्यात रस्त्याने कोण जातं? जनावराचं भय नको म्हणून त्यांनी स्वयंपाक्याची लाकडं फोडायची कुऱ्हाड मागून घेतली आणि रान तोडत सरळ निघाले. ‘‘पाह्य,’’ ते मला बघून म्हणाले, आश्चर्य अजिबात नाही, जसं काही आम्ही इथेच भेटायचं ठरलं होतं, ‘‘बरोबर आलो का नाई?’’

‘‘बापू, तुमी कुठं चालले?’’

‘‘रपट्यावर. हा काय इकडं, जवळच हाये.’’ आणि त्यांनी कुऱ्हाडीने दाखवलं. डावीकडे.

मी सरांकडे पाहिलं. सर एका धावड्याच्या सालीचा इतका बारकाईने अभ्यास करत होते की उभ्या आयुष्यात त्यांनी धावडा पाहिलाच नसावा. ‘‘बापू, सुई इकडं दाखवते,’’ मी म्हणाले.

‘‘सुई!’’ बापू हसले. ‘‘सुईनं गोधडी शिवाव. तुह्या बापाच्या बापानं सुई पाह्यलती का कधी? चाल माह्या मागं.’’

‘‘बापू, माही परीक्षा चालू हाये.’’

‘‘मंग? नापास होशीन अशी. म्हून त सांगून राह्यलो.’’ मग सरांकडे वळून, फेटा सावरत, ‘‘साहेब, तुमीच सांगा. रपटा इकडं हाये का नाई?’’

साहेबांनी सालीचा एक तुकडा काढून त्याचा वास घेतला.

‘‘मुके हायेत का हे?’’ बापूंनी सुनंदाला विचारलं. सुनंदाने मान हलवली आणि अतिशय आदराने त्यांच्या हातातला डबा ओझं नको म्हणून घेतला. पुढचं सगळं भांडण तिने एका दगडावर बसून, डबा उघडून, याडीच्या बाट्या आणि ठेचा खात ऐकलं.

बापू माझ्याजवळ आले. ‘‘दाखव पाहू तुही सुई,’’ म्हणून वाकले. खांद्यावरची कुऱ्हाड खाली घेऊन त्यांनी माझ्या मनगटाला टेकवली, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती सुई थरथरली, वळली, आणि मुकाट डावीकडे गेली. थेट बापूंकडे.

‘‘पाह्य!’’ बापू ओरडले. अख्ख्या रानात घुमला तो आवाज. ‘‘पाह्य, तिलेबी समजलं मी कोन हाये!’’

तो क्षण मी आयुष्यभर हजार वेळा सांगितला आहे आणि दर वेळी ऐकणारे हसतात. पण तेव्हा मला हसू आलं नाही. बापूंच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला तो मोडवेना. इतकी वर्षं पाहुण्यांना सांगितलेली गोष्ट आज एका सरकारी यंत्राने मान्य केली होती. सुईच्या मागे गेले असते तर बापू जिंकले असते, मी डावीकडे गेले असते, आणि येत्या सीझनला आमच्या दारात मांडव पडला असता. आणि तो मांडव बापूंनीच, माझ्या भल्यासाठी, रानात वाट दाखवून घातला असता. मी कुऱ्हाडीकडे पाहिलं. सरांचे शब्द आठवले: जवळ लोखंड नको.

‘‘बापू,’’ मी म्हणाले, ‘‘कुऱ्हाड खाली ठेवा.’’

‘‘काहून?’’

‘‘ठेवा. अन् तुमी जरा मागं सरा. त्या मोहापाशी जाऊन उभे राहा.’’

घरात बापूंना मागे सरायला अजून कुणी सांगितलं नव्हतं. याडी टोमणे मारायची, पण तीही चुलीपुढून, पाठमोरी. सुनंदाचा घास तोंडात थांबला. मग बापूंना काय वाटलं कोण जाणे, कदाचित परीक्षा हा शब्द त्यांना लागला असावा, त्यांनी कुऱ्हाड मोहाला टेकवली आणि तिच्या शेजारी हाताची घडी घालून उभे राहिले, फोटोला उभं राहिल्यासारखे. माझ्या तळहातावर सुई हलली, हळूहळू परत फिरली आणि घाणेरीच्या जाळीकडे तोंड करून थांबली. बापूंना एवढ्या लांबून दिसलं नाही. मी सांगितलंही नाही.

‘‘आता माह्या मागं या,’’ मी म्हणाले. ‘‘कुऱ्हाड सरांजवळ द्या. अन् सरांच्याबी मागून या.’’

वानखडे सरांनी कुऱ्हाड घेतली आणि वीस पावलं मागे राहिले. बापू त्यांच्या मागे. अशी आमची वरात निघाली: पुढे मी डबी धरून, मग सुनंदा एका हातात डबा आणि तोंडात आकडे घेऊन, मग सर, आणि सगळ्यात शेवटी आमच्या घराण्याचा रस्ता. वाटेत बापूंनी सरांना बैलांची गोष्ट सांगायला घेतली. सर बोलू शकत नव्हते, त्यामुळे ती त्यांनी पूर्ण ऐकली. त्या दिवशी बैल किती होते ते मला माहीत नाही, पण बापू उपाशी होते, त्यामुळे फार नसावेत.

जाळी संपली, ओढ्याचा उतार लागला, ट्रकचा आवाज आला. आम्ही रपट्यावर नेमक्या निघालो असं मी लोकांना सांगते; लिहायचं तर खरं लिहावं, रपटा थोडा उजवीकडे राहिला होता, हाक मारली तर ऐकू येईल एवढ्यावर. सर रस्त्यावर आले, कुऱ्हाड खाली ठेवली आणि त्यांचं तोंड सुटलं. ‘‘पास,’’ ते मला म्हणाले. मग बापूंकडे वळून, हात जोडून, ‘‘दादा, तुमच्या इकडं गेलो असतो त पैनगंगा ओलांडून आदिलाबादले जेवाले बसलो असतो.’’

बापूंनी रपट्याकडे पाहिलं, मग झाडीकडे. ‘‘हेच म्हनत होतो मी,’’ ते म्हणाले.

आजकाल नवीन मुलं-मुली माझ्या हाताखाली शिकायला येतात. सगळ्यांच्या खिशात फोन, फोनमध्ये नकाशा, नकाशात निळा ठिपका म्हणजे आपण. ठिपका थांबला की मुलंही थांबतात. बॅटरी गेली की माझ्याकडे येतात, मी त्यांच्या हातावर डबी ठेवते आणि आधी सगळ्यांना आपल्या बापाला वीस पावलं मागे उभं करायला सांगते. त्यांना वाटतं, मॅडम विनोद करतात.

परीक्षेनंतर आठवड्याने मी घरी गेले तर मुलाची आई ओट्यावर बसलेली. कुणी कळवलं नव्हतं, तीच आली होती. आतून याडी मला डोळ्यांनी गप्प राहायला सांगत होती. तिच्या मनातून मोबाईलचं दुकान अजून गेलेलं नव्हतं. पास झाली म्हणून काय झालं, नोकरीवाली सून कोणाला नको आहे, असं मुलाची आई म्हणत होती. लग्न तर होऊ शकतं. दोन्ही गोष्टी होऊ शकतात. तह मोडायला आला होता आणि मी दारात बॅग घेऊन उभी.

बापूंनी तिला पाणी दिलं, चहा दिला. बैल मात्र दिले नाहीत. फेटा काढून मांडीवर ठेवला आणि फार दुःखी चेहरा केला. ‘‘बाई, मी तुमाले फसवनार नाई,’’ ते म्हणाले. ‘‘पोरगी हाताबाहेर गेली. मी तिले रानात सख्ख्या बापाच्या नात्यानं सांगत होतो, इकडं चाल. साहेबासमोर सांगत होतो. अन् तिनं माह्या हातची कुऱ्हाड ठेवाले लावली, मले झाडापाशी उभं केलं, अन् म्हने माह्या मागून या. अन् मी गेलो, बाई. काय करू? गेलो. आता तुमचा पोरगा गरीब. त्याले ही कुठी कुठी उभं करन, मी काय सांगू?’’

मुलाची आई माझ्याकडे बघत राहिली. मी शक्य तेवढी उंच उभी राहिले. तिने चहा संपवला, कप उपडा ठेवला, आणि जाते म्हणाली. बापू फेटा चढवून तिला तांड्याच्या टोकापर्यंत सोडायला गेले, अगदी हळहळत.

याडी चुलीपुढून उठली. मला वाटलं, आता सुरू होणार. ती दारापाशी आली, बापूंच्या पाठमोऱ्या फेट्याकडे बघितलं, आणि पिठाचे हात तसेच धरून तिने मला हळूच विचारलं, ‘‘खरंच झाडापाशी उभं केलं तू त्यायले?’’

‘‘हाव.’’

‘‘हाताची घडी घालून?’’

‘‘हाव, याडी.’’

तिचे डोळे भरून आले, आणि ती माझ्यावर इतकी चिडली, इतकी चिडली, की शेजारची बाई बाहेर आली.

‘‘मंग मले काहून नाई नेलं व पाह्यले?’’